दाजींच्या भाषणावर माझं बोलणं

तीर्थस्वरूप मालनआक्कास, टेंभुर्णीहून धाकट्या अप्पारावचा दंडवत.

इकडं सगळं बराबर. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींची तब्येत विचारायची हिंमत न्हाई, तरी विचारून राह्यलो.

आक्का, ते बोलणं ग्रुपसाठी नव्हतंच. तुमच्या आकांक्षाच्या साखरपुड्यात दाजी माईक घेऊन पाऊण तास बोलले. वरण गार झालं, भटजी बसल्या बसल्या घोरायला लागले. म्हणून दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर मी आपल्या भागवतला (माझा दोस्त, तुला माहीत आहे) फोनवर आवाज भरून पाठवला, "दाजीला माईक द्यायच्या आधी लाईट घालवायला पाहिजे होती." पुढं त्यांच्या जाकिटाबद्दलही दोन शब्द होते. बोट घसरलं आन् सगळं गेलं घरच्या ग्रुपवर. त्रेपन्न माणसं! दाजी तवा नवीन जालन्यात बँकेच्या रांगेत. कमी ऐकू येतं म्हणून त्यांनी मोठ्या आवाजात लावलं. सगळी रांग हसली म्हणे. (कुणीतरी पुन्हा लावायला सांगितलं, ही गोष्ट मी पसरवलेली न्हाई.) दहा मिनिटांत तू मला ग्रुपातून काढलंस.

पूर्वी बरं होतं. तुझ्या लग्नानंतर मी दाजींना कार्डावर काय काय लिहायचो! पण पोस्टमन आधी स्वतः वाचायचा आन् "अप्पा, हे राहू दे, पाव्हणे चिडतील," म्हणून परत आणून द्यायचा. मंग गावात फोन आला, तोही एकच, किराणा दुकानात. मागं दहा जण कान लावून उभे, त्यामुळं नुसती खुशालीच विचारावी लागायची. आता मधी अडवणारं कुणीच न्हाई. इथं तोंड उघडलं की तिथं हसनाबादला तुमच्या घरात ऐकू!

तुझी भावजय साधना म्हणाली, "फोन करून माफी मागा." केला. दाजींनी उचलला. "मी अप्पा," म्हणालो, तर "रेंज न्हाई" म्हणून ठेवून दिला. (रेंज नसताना इतकं स्वच्छ मी आजवर ऐकलं न्हाई.) म्हणून हे पत्र. चुकलो, आक्का. जाकीट तसं बरं होतं.

तुझा,
अप्पा

ता.क. – खरं काम हे. लग्नाची तारीख म्हणे ग्रुपवरच टाकली. (साधनाचा फोन साधा आहे.) सख्खा मामा मी एकटाच. मंडपात पोरीच्या पाठीशी मी उभं राहायचं आन् तारीख मलाच माहीत न्हाई. शेजाऱ्यांना विचारायची लाज वाटती. ग्रुपची मालकीण तू. परत घे.

ता.क. दुसरा – आमच्या टेंभुर्णीच्या टपालपेटीत गांधीलमाश्यांनी घर केलंय, म्हणून पत्र मीच घेऊन आलो. हे शेवटचं तुमच्या ओट्यावर बसून लिहून राह्यलो. दाजी समोर उभे आहेत, हातात पाण्यानं भरलेला तांब्या. प्यायला आणलाय का डोक्यावर ओतायला, कळून न्हाई राह्यलं. जल्दी बाहेर ये.