नावाखालची रेघ

मी, तुषार निवृत्ती ओव्हाळ, वय सत्तावीस, मूळ राहणार परंदवडी, तालुका मावळ, सध्या शारजात जुन्या महागड्या घड्याळांच्या वर्कशॉपमध्ये कामाला, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहितो. डोकं ठिकाणावर आहे, कुणाची जबरदस्ती नाही. सोमवारी किडनीचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात घाबरायचं काम नाही, पण झोपायचं मला आहे. शिक्षण आठवी, तेही अर्धं, तेव्हा अक्षराला हसू नये.

१. बँकेत जे शिल्लक असेल ते आई शकुबाई हिला. त्यातून तिने आधी स्वतःचे दात करून घ्यावेत. नको म्हणेल, ऐकू नये.

२. घरावरची खोली मी बांधायला काढली आणि अर्ध्यात सोडली. तळेगावच्या कंपनीतलं काम, लोणावळ्याच्या हॉटेलातलं कामही तसंच सोडलं. खोली बहीण हर्षदाची. मोटारसायकलही तिचीच, दाजींनी विचारून न्यावी.

३. माझी हत्यारं मामेभाऊ प्रज्ञेशला, तो इथे माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. फक्त डोळ्याला लावायचं भिंग हर्षदाचे दीर प्रदीपराव यांना. कारण पुढे आहे.

४. आबांचं घड्याळ. ते माझं नाही, त्यामुळे कुणाला द्यायचा मला हक्क नाही. तरी लिहिणं भाग आहे.

आबा म्हणजे माझे वडील. लोणावळ्यात तुंगार्लीच्या एका बंगल्यावर माळी होते. बंगल्याच्या म्हाताऱ्या बाई कायमच्या परदेशी गेल्या तेव्हा आपल्या वारलेल्या नवऱ्याचं घड्याळ आबांच्या हातात घालून गेल्या. आबा ते बुद्धपौर्णिमेला आणि लग्नकार्यालाच बाहेर काढत.

हर्षदाच्या साखरपुड्याला मी सुट्टीवर होतो. पाहुण्यांसमोर आबांनी मनगट पुढं केलं. "आमचा तुषार तितं ह्येच काम करतो. सांग रं, कसं हाय?"

मी कामात नवीन होतो. डायलवर कंपनीच्या नावाखाली केसाएवढी बारीक रेघ दिसली. तशी मी आधी कुठल्याच घड्याळावर बघितली नव्हती. म्हणालो, "आबा, ही डायल पुन्हा रंगवलेली हाय. रंगवणाऱ्याचा ब्रश घसरलाय."

"म्हंजी बाईंनी बी डुप्लिकेटच दिलं व्हय, मामा?" प्रदीपराव म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो. आबांनी बाही खाली ओढली.

गेल्या महिन्यात वर्कशॉपला तसलंच घड्याळ आलं, तीच रेघ घेऊन. ब्रश घसरलाय, मी पुन्हा म्हणालो. आमच्या उस्तादांनी, म्हणजे मुख्य कारागिरांनी, मला गप्प बसवून सांगितलं. पूर्वी डायलवरचा अंधारात चमकणारा रंग बदलला, त्या थोड्या काळात कंपनीनेच काही डायलांवर ती रेघ छापली, असं जाणकार मानतात. रेघ असली की लोक जास्त पैसे मोजायला शोधत येतात.

मी हर्षदाला घड्याळाचा फोटो पाठवायला सांगितला. फोटोत रेघ नव्हती. मी इकडे शारजाला परत आल्यावर आबांनी कामशेतला पप्पूच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात जाऊन ती पुसून घेतली होती. पुन्हा चार माणसांत आबांच्या घड्याळावरून मला खाली बघायला लागू नये म्हणून, असं हर्षदा म्हणाली.

तर सर्वांनी ऐकावं. घड्याळ खरं होतं. बाईंनी आबांना फसवलं नव्हतं. माझ्यामागे हे कलम साखरपुड्याला आलेल्या सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावं. प्रदीपरावांनी हसण्याआधी भिंग लावून बघावं. मला ते जमलं नाही, आणि भिंग माझ्याच खिशात होतं.

५. हे कलम मागाहून जोडलं. साक्षीची सही करण्याआधी प्रज्ञेशने सगळं वाचलं. म्हणाला, "मेल्यावर सांगणार व्हय? लाव फोन आबांना."

लावला. सांगितलं. आबा म्हणाले, "पप्पू नकोच म्हणत व्हता रं. आबा, हात लावू नगा, हाय तसं ऱ्हाऊ द्या, म्हणला. मीच त्याच्यावर खेकसलो. म्हणलं, माझं पोरगं तितं ह्येच काम करतं. त्याला जास्ती कळतं का तुला?"

मग आबांनी विचारलं, ऑपरेशनआधी जेवून चालतं का.

म्हणून चौथ्या कलमात बदल करतो. ते वाचायला माझ्या मरणाची वाट बघू नये. सुट्टी मिळताच मी येईन आणि त्याच सगळ्या माणसांना बोलावून उभा राहून वाचेन. आलो नाही, तर प्रज्ञेशने वाचावं.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे.

तुषार निवृत्ती ओव्हाळ (सही)

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली:
प्रज्ञेश रोकडे (सही)
सुरज भालेराव, खोलीतला सोबती (सही)

ठिकाण: शारजा
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५