मनातले दहा

३ जून, सकाळी ७
छोटी उद्या पावणेतीन वर्षांची होईल. अजून एक शब्द नाही. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला त्याला तीन आठवडे झाले. थेरपीच्या ताई काल म्हणाल्या, आठवड्यातला एक तास माझा, बाकी सगळे तुमचे. खरं काम आईबाबांचंच. ठीक. मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, बंद पडलेलं चालू करण्यात हयात गेली. महिनाभरात पन्नास शब्द. तक्ता फ्रिजवर लावला.

४ जून
पद्धत सोपी. जमिनीवर बसायचं, साबणाचे फुगे उडवायचे, मग बाटली धरून गप्प. मनात दहा मोजायचे. तिनं नजरेनं, हातानं, कशानंही मागितलं की लगेच उडवायचे. दहा झाले तरीही उडवायचे. ताई म्हणाल्या, घाई नको. मला सांगतात.
मनात मोजताना लक्ष उडतं, म्हणून मोठ्यानं मोजतो. एवढा बदल चालतो.
वीस फेऱ्या. वीस बरोबरच्या खुणा. प्रत्येकीपुढे 'पूर्ण दहा'.

८ जून
बायकोचं म्हणणं, मी थांबतच नाही, मध्येच 'बोल ना, फुगा बोल ना' चालू असतं. त्याला प्रोत्साहन म्हणतात. स्वतः मात्र छोटीशेजारी नुसती लोळते, ती चमचा आपटते तसा आपटते, आणि छोटी हिच्याकडे बघून हसते. पण तक्ता भरायला नको हिला.
गुडघे गेले माझे.

११ जून
तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी लिफ्टचं बटण इतकं दाबलं की ते आतच अडकलं. समजावलं, दाबत राहिल्यानं लिफ्ट लवकर येत नाही. लोकांना धीर म्हणून नाही.
फेऱ्या पंचवीस. शब्द शून्य.

१५ जून
ताईंना तक्ता दाखवला. त्यांनी विचारलं, खेळताना तिला मजा येते का? तो रकानाच नाही तक्त्यात. पुढच्या वेळी व्हिडिओ आणा म्हणाल्या. कॅमेरा बिघडलाय असं सांगितलं. बिघडेलच कधीतरी.

१९ जून
डबा खाताना कामावरच्या जोडीदाराला त्याच्या मुलाचा फोन आला. बाबा, येताना खडू आण. एवढंच. मी उठून जिन्यात जाऊन बसलो.
ती मला कधीच हाक मारणार नाही, याची भीती वाटते. फार भीती वाटते. लिहून टाकलं. पुन्हा लिहिणार नाही.

२० जून
उद्दिष्टात सुधारणा. पन्नासऐवजी पाच.

२३ जून
एक. कुठलाही.

२७ जून, संध्याकाळी ६
सर्दीनं आवाज पार बसला. मोजता येईना. फुगे उडवले, बाटली धरली आणि नुसता बसून राहिलो. अंगात दुसरं काही करायचं त्राण नव्हतं.
छोटी आली. गुडघ्याला टेकली. बाटली माझ्या हातासकट स्वतःकडे ओढली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "चार."
माझी फुंकर नीट बसेना. बायको स्वयंपाकघरातून धावत आली. पुन्हा, "चार." फुगे. "चार." फुगे. आम्ही दोघं रडलो.
मग बायकोनं डोळे पुसत विचारलं, चारच का? तक्त्यावर तर दहा आहे.
मी कसंबसं कुजबुजलो, पोरांचं काही सांगता येत नाही.

२८ जून
व्हिडिओ नेला. कॅमेरा सुधारला. ताईंनी विचारलं, मोठ्यानं मोजता का? होय म्हणून मान हलवली. चारवर पोचताच फुगे उडवता? पुन्हा हलवली.
"तिनं तुमचं अगदी नीट ऐकलंय," ताई म्हणाल्या. "तीन आठवडे ती ऐकतच होती. थांबत तुम्ही नव्हता."
घरी येऊन तक्ता काढला. चारशे बारा खुणा, चारशे बारा वेळा 'पूर्ण दहा'.
छोटीला घेऊन जमिनीवर बसलो. मनात मोजलं. सहापर्यंत जमलं.