मागच्या सीटवर कोणी बसावे याबद्दल

मी, खाली सही करणारी, वय सत्तेचाळीस, यंत्र अभियांत्रिकीची पदवीधर, व्यवसायाने गाड्यांच्या आतल्या आरशांची रचनाकार, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय करून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हातांबद्दल दाखल्यात काही लिहिलेले नाही. ते गेल्या हिवाळ्यापासून माझे ऐकत नाहीत. मला झालेल्या आजारात एकेक स्नायू सुकत जातो आणि बुद्धी शेवटपर्यंत शाबूत राहते. औषध नाही. हा मजकूर मी एका बोटाने टाइप केला आहे. वकीलबाई म्हणाल्या होत्या, "तुम्ही नुसतं सांगा, मी लिहिते." पण त्या लिहितात तेव्हा माझी वाक्ये माझ्यापेक्षा शहाणी होतात.

"स्वखुशीने" या शब्दाला माझी हरकत होती, कारण खुशी नाही. वकीलबाईंनी तो काढू दिला नाही.

१. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. करायला हवे असे वाटण्याजोगे वय नव्हते.

२. माझ्या मागे दोन माणसे उरतात. एक माझे वडील, निवृत्त बसचालक, जे माझ्याजवळ राहतात आणि ज्यांची आठवण गेल्या काही वर्षांत बरीचशी गेली आहे. दुसरा माझा धाकटा भाऊ. त्याला घरात सगळे बारक्या म्हणतात, आणि टाइल्सच्या दुकानाचा मालक झाल्यापासून त्याला ते आवडत नाही. या कागदात त्याने ते चालवून घ्यावे.

३. राहते घर : दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी. हे घर माझ्या कमाईचे असून त्यावर कर्ज नाही. बाबांना त्यात हयातभर राहण्याचा हक्क राहील. त्यांच्यानंतर घर बारक्याचे.

इथे वकीलबाईंशी माझा वाद झाला. त्यांचे म्हणणे, अट घाला : भावाने वडिलांना सांभाळले तरच घर त्याला. मी विचारले, "आणि घरासाठी सांभाळलं तर?" त्या म्हणाल्या, "सांभाळलं ना? मग कशासाठी ते कशाला बघता?" त्यांचे खरे असेल. मी दोन्ही बाजूंनी लिहून पाहिले. अट घातली तर बारक्या येईल, आणि बाबांच्या श्वासाकडे एक कान ठेवून जगेल. अट घातली नाही तर कदाचित येणारच नाही. पहिल्यात बाबांना जेवण मिळते, दुसऱ्यात माझे मन साफ राहते. माझ्या साफ मनाची किंमत बाबांनी मोजावी हे बरोबर नाही, हे मला कळते. तरीही अट घातलेली नाही. वकीलबाईंना मी असेही विचारले होते की बाबांनाच त्याच्या नावे लिहून देता येईल का. त्या म्हणाल्या, "ताई, घर देता येतं. माणूस देता येत नाही."

४. बँकेतील ठेवी : त्यातून आधी माझ्या दवाखान्याचा खर्च भागवावा, उरेल ते बाबांच्या औषधपाण्यासाठी ठेवावे. कमी पडेल. मला माहीत आहे.

५. हत्यारे : व्हर्नियर, मायक्रोमीटर, आणि बोटाचा जोर मोजायचा छोटा काटा. ही सर्व मी टूलरूममधल्या माझ्या सहकाऱ्याला, ज्याला आम्ही मिलिमीटर म्हणतो, देणार होते. पण ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार होता येत नाही आणि मला साक्षीदार मिळत नव्हता. फोनवर त्याला तसे सांगितले. तो म्हणाला, "म्हणजे एक तर काटा, नाहीतर सही?"

"हो."

"मग सही. काटा काय, मी रोज ऑफिसमधून ढापू शकतो."

सबब हत्यारे सरकारी तंत्रशाळेस द्यावीत.

६. हा काटा कशासाठी, हे तंत्रशाळेतल्या मुलांना कोणी सांगणार नाही म्हणून इथे लिहिते. गाडीतला आरसा काचेला एका छोट्या गोळ्यावर टेकलेला असतो. गोळा सैल असेल तर आरसा खड्ड्याखड्ड्याला मान टाकतो. घट्ट असेल तर म्हाताऱ्या ड्रायव्हरला तो हलवता येत नाही, आणि मग तो आधीच्या माणसाच्या उंचीला लावलेल्या आरशात बघत गाडी चालवतो. एका बोटाने हलावा आणि सोडला की तिथेच राहावा, एवढेच मला साधायचे होते. बावीस वर्षांची नोकरी त्यात गेली. मी लावलेली स्टीलची स्प्रिंग आमच्या विभागप्रमुखांनी काढून तिथे प्लास्टिकची कडी घातली. एका उन्हाळ्यात ती ढिली पडते. मीटिंगमध्ये ते म्हणाले होते, "मॅडम, लोक आरशात केस बघतात. एवढं कशाला?" माझ्या पश्चात कंपनीकडून फुलांचे चक्र आले तर ते परत पाठवावे. ते घेऊन विभागप्रमुख स्वतः आले असतील तर त्यांना चहा द्यावा, पण चक्र परत पाठवावे.

७. आता ज्या कलमासाठी हा सगळा कागद केला ते.

समोरच्या खोलीत सोफा नाही. तिथे कंपनीच्या चाचणी विभागाने भंगारात काढलेला गाडीचा सांगाडा आहे : चालकाची सीट, स्टिअरिंग, पुढच्या काचेची रिकामी चौकट, चौकटीला आरसा आणि मागे दोघांना पुरेल असे बाकडे. स्टीलच्या स्प्रिंगचा आरसा आहे तो. सांगाडा दारातून येईना म्हणून चौकटीचा एक पाय कापावा लागला. मिलिमीटरने तो आत आणून परत जोडला.

बाबा आता समोरून आलेल्या कोणालाही ओळखत नाहीत. मला धरून. मी पुढ्यात उभी राहून "बाबा, मी" म्हटले की ते नमस्कार करतात आणि पाणी विचारतात. पण मी त्यांच्या मागे बाकड्यावर बसले आणि त्यांनी आरशात पाहिले की म्हणतात, "आलीस? दप्तर मांडीवर घे." आयुष्यभर त्यांनी बस चालवली, माणसे त्यांना आरशातूनच भेटली. शाळा सुटली की ते मला बरोबर घेऊन जात आणि शेवटच्या सीटवर बसवत, म्हणजे आरशाच्या मधोमध दिसेन. नोकरीच्या मुलाखतीत आरसेच का असे विचारले तेव्हा मी प्रकाशशास्त्राची आवड असल्याचे सांगितले होते. तसे सांगण्याची गरज नव्हती.

बारक्याला गाडी लागायची. बस सुरू होण्याआधी नुसत्या डिझेलच्या वासाने तो ओकायचा. म्हणून तो कधीच आला नाही. आई त्याला घरी ठेवायची, आणि घरी आलेले बाबा जेवून झोपत. त्यामुळे आज बाबांच्या आरशात त्याच्यासाठी जागाच नाही. यात त्याचा दोष नाही, बाबांचा नाही, माझाही नसावा. शेवटचे मी तितक्या खात्रीने लिहू शकत नाही. मी मोठी होते आणि मला ती सीट एकटीला आवडायची.

मार्चमध्ये मी त्याला बोलावून घेतले. तो दारातूनच म्हणाला, "नमस्कार करून पाणी विचारतील, तेवढ्यासाठी दुकान बंद करून आलोय."

"समोर जाऊ नकोस. मागे बस."

"ताई, मी बापाला आरशात भेटू?"

"मी रोज भेटते."

"तू काय, तुझा धंदाच आहे तो."

पण बसला. बाकडे त्याच्या वजनाने कुरकुरले. बाबांनी आवाज ऐकला, आरसा एका बोटाने जरा उजवीकडे घेतला आणि त्याच्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. बारक्याने केस सारखे केले. मी त्याला तसे करताना लहानपणानंतर पाहिले नव्हते.

बाबा म्हणाले, "उतरायचं कुठं?"

बारक्याने वळून माझ्याकडे पाहिले.

"आत्ताच सांगून ठेवा. मागाहून ओरडू नका, की स्टॉप गेला."

तो उठला. चपला घालताना म्हणाला, "निदान तिकीट तरी मागितलं नाही." त्याला हसायचे होते. जिन्यात गेल्यावर त्याचे पाऊल मधल्या वळणावर थांबलेले मला ऐकू आले. पुन्हा वर येईल असे वाटले. मग ते खाली गेले. त्यानंतर तो आलेला नाही. त्याच्या बायकोचा फोन असतो. ती म्हणते, "ताई, ते घरी काहीच बोलत नाहीत हो. मी विषय काढला की दुकानात जाऊन बसतात."

बारक्या, हे तू वाचशील तेव्हा उत्तर मागायला मी नसेन, म्हणून हवे ते म्हण. पण एक सांगते. बाबांनी तुला ओळखले नाही हे खरे. तुला प्रवासी समजले. बाबा प्रवाशाला उन्हात उतरवत नसत. म्हातारे माणूस धावत येताना दिसले की बस थांबवत आणि त्यासाठी त्यांनी दोनदा वरिष्ठांची बोलणी खाल्ली. मुलगा म्हणून तुझ्या वाट्याला जे आले त्यापेक्षा त्यांच्या प्रवाशांच्या वाट्याला जास्त आले असेल. हे सांत्वन नाही. माझ्याकडे याहून बरे काही नाही.

८. बारक्याने नाही म्हटले तर बाबांना शुश्रूषागृहात ठेवावे लागेल. मी तीन पाहिली. दोन ठिकाणी सांगाड्याला जागा नाही म्हटले. तिसऱ्या ठिकाणच्या व्यवस्थापकबाई चांगल्या होत्या. मी म्हटले, सांगाडा नको, नुसता आरसा पलंगासमोर लावू द्या. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे खोलीत आरसे नसतात, हो. पेशंट स्वतःलाच बघून घाबरतात." बाबा स्वतःकडे बघत नाहीत, मागे बघतात, असे मी सांगितले. त्यांनी मान हलवली आणि नियमांचा छापील कागद माझ्या हातात दिला. तो माझ्या हातातून पडला. त्यांनी उचलून पिशवीत घातला. तिसरे ठिकाण त्यातल्या त्यात बरे आहे.

९. सध्याची स्थिती, म्हणजे नोंद राहावी. माझी मान आता सरळ राहत नाही. बाकड्यावर बसवले की मी हळूहळू खाली घसरते आणि आरशातून जाते. मागच्या महिन्यापर्यंत बाबा आरसा खाली वाकवून मला शोधायचे. "नीट बस," म्हणायचे. गेल्या आठवड्यात त्यांनी आरसा वाकवला नाही. मागे कोणी आहे का, असे विचारले. माझ्यात तेव्हा आवाज नव्हता. थोडा वेळ वाट पाहून त्यांनी बस रिकामी नेली.

१०. माझे अंत्यविधी साधे असावेत. बाबांना नेऊ नये. त्यांना काही सांगू नये. सांगितले तर प्रत्येक वेळी नव्याने कळेल.

११. अंमलबजावणी वकीलबाई करतील. बारक्याकडे, शुश्रूषागृहात किंवा जिथे बाबा असतील तिथे, सांगाडा ठेवू दिला तर त्याची देखभाल अशी : गोळ्याला तेल देऊ नये. आरसा पुसताना जागचा हलवू नये. चुकून हलला तर तसाच ठेवावा, बाबा आपला लावून घेतात. आरसा कोणी दुसऱ्याने लावलेला त्यांना खपत नाही. मागे दिवसातून एकदा तरी कोणीतरी बसावे. नातेवाईकच पाहिजे असे नाही. मोलकरीण, पोस्टमन, कोणीही चालेल. त्यांनी ओळखीचे काही बोलायचा प्रयत्न करू नये. बाबा विचारतील, उतरायचं कुठं. तेव्हा गप्प राहू नये आणि जवळचे ठिकाण सांगू नये, कारण जवळचे सांगितले की ते लगेच ब्रेक दाबतात, दार उघडायला उठतात आणि पडतात. लांबचे सांगावे. मग ते "बसा निवांत" म्हणतात आणि संध्याकाळपर्यंत शांत असतात.

वरील मजकूर मी वाचला, मला मान्य आहे. सही होत नसल्याने अंगठा उमटवला आहे. अंगठा वकीलबाईंनी धरला होता, दाब माझा आहे.

(डाव्या हाताचा अंगठा) मृत्युपत्र करणारी

आम्ही दोघांनी तिला अंगठा उमटवताना समक्ष पाहिले. ती पूर्ण शुद्धीवर होती.

साक्षीदार : १. टूलरूममधील सहकारी (मिलिमीटर). २. शेजारच्या डॉक्टरबाई.

स्थळ : राहते घर, समोरची खोली. अंगठा उमटवताना वडील त्यांच्या सीटवर होते. भावाला निरोप दिला होता. तासभर वाट पाहिली.

दिनांक : चौदा ऑगस्ट, दुपार.