'मिलस्टोन'ला दहापैकी किती?

हेब्डन ब्रिज, मंगळवार

प्रिय मॉरीनताई,

तुझं खुब्याचं दुखणं उतरलं असेल, भावोजींची कबुतरं वेळेवर घरी येत असतील आणि व्हिटबीच्या वाऱ्याने तुमचं छप्पर अजून जागेवर ठेवलं असेल, अशी आशा करतो. इकडे ग्लेनिस उत्तम आहे. माझं डोकं मात्र ठिकाणावर नाही, आणि ते का, हे सांगायलाच बसलो आहे.

आमचं पाच जणांचं मंडळ दर नोव्हेंबरात पबच्या मागच्या खोलीत 'ब्लॅक टर्नपाइक' या बँडच्या नऊ अल्बमांना गुण देतं, हे तुला माहीत आहे. बिअरच्या पेल्याखालच्या पुठ्ठ्यावर मागे गुण लिहायचे, मग भांडायचं, मग सॉसेज खायचे. तबकडी वाजवायची नाही (ब्याण्णव साली आमच्यातल्या हेडलीच्या तबकडीवर रस्सा सांडला, तेव्हापासूनचा नियम). गेली चाळीस वर्षं मी 'मिलस्टोन'ला दहापैकी दहा देत आलो आणि बाकी चौघे दोन. मी म्हणायचो, गायकाच्या आवाजात काय दुःख आहे! ते म्हणायचे, कसलं दुःख, तो तर किंचाळतोय. आम्ही एकमेकांना बहिरे समजत आलो. (रेडिओवर तो अल्बम कधी लागत नसे, हे मी त्याच्या थोरपणाचं लक्षण मानत होतो.)

यंदा पबच्या नव्या मालकीणबाईंनी हौसेने रेकॉर्ड प्लेअर आणून ठेवला. हेडलीने मी नेलेली 'मिलस्टोन'ची तबकडी लावली आणि ताई, कोंबड्यांच्या खुराड्यात कुत्रा शिरावा तसा गोंधळ सुरू झाला! मी म्हटलं, "अरे, वेग चुकलाय!" हेडलीने चष्मा पुसून तबकडीवरची चिठ्ठी वाचली. "मिनिटाला पंचेचाळीस फेरे लिहिलेत, क्लाइव्ह. बाकीचे आठ तेहेतीसवर, हा एकच पंचेचाळीसवर. तू कशावर ऐकत होतास रे, गाढवा?" मी तबकडी उचलून काखेत मारली. सॉसेजही तसेच ठेवून आलो.

आता माझा घोटाळा असा. खरा 'मिलस्टोन' भिकार आहे, दोनसुद्धा जास्त झाले. पण ग्लेनिसला मी मागणी घातली ती त्याच तबकडीच्या संथ दुसऱ्या बाजूवर, तिच्या आईच्या बैठकीत, चहा निवत असताना. मग तिने हो म्हटलं ते कशाला? या अल्बमला, की जो अल्बम कुणी काढलाच नाही त्याला? आता दोन गुण दिले तर वाटतं, लग्नालाच दोन दिले. दहा दिले तर खोटेपणा. शुक्रवारपर्यंत पुठ्ठा द्यायचा आहे. मी तीन वेळा पेन्सिल उचलली आणि तीन वेळा भांडी घासली.

भावोजींना नमस्कार.

तुझा गोंधळलेला भाऊ,
क्लाइव्ह

ता. क. खरं काम हे आहे : तू आमच्या मंडळाला एक पत्र लिही की त्या काळी यॉर्कशरमधले बरेच लोक 'मिलस्टोन' तेहेतीसवरच ऐकत असत. तू चर्चमध्ये पेटी वाजवतेस, तुझ्या शब्दाला वजन आहे. आणि ग्लेनिसला यातलं अक्षरही कळता कामा नये. तिला कळलं तर चाळीस वर्षांचा संसार चुकीच्या वेगावर उभा आहे असं तिच्या मनात येईल, आणि ते मला सोसवणार नाही.

आणखी एक. पत्र लिहायची तसदी घेऊ नकोस. हे पाकीट ग्लेनिसने पोस्टात टाकायला नेलं होतं, पण मी ते चिकटवलंच नव्हतं. फाटकातूनच ती वाचत परत आली. मी घाबरून विचारलं, "तुला वाईट वाटलं का गं?" ती कोट काढत म्हणाली, "तबकडीवरची चिठ्ठी मी तू मागणी घातलीस त्याच दिवशी वाचली होती. बरोबर वेगावर लावली असती तर ती बाजू चौदा मिनिटांत संपली असती, आणि तू टोपी उचलून घरी गेला असतास."