मी बस्सीला राहणार नाही

१ जुलै, मंगळवार
विमा कंपनीने माझी बदली बस्सी शाखेत केली. हुशार माणूस वरिष्ठांना खुपतोच. बस्सी म्हणजे आग्रा रोडवरचं गाव, आमच्या विद्याधर नगरपासून अख्खं जयपूर ओलांडून पार पलीकडे. एक बाजार, एक स्टेशन आणि रस्त्याच्या मधोमध बसलेल्या गाई. बायको लगेच म्हणाली, तिथेच घर भाड्याने घेऊ, दगदग वाचेल. मीनाक्षीला शहराचं महत्त्व कळत नाही. इथे थिएटर आहे, चित्रांची प्रदर्शनं आहेत, लायब्ररी आहे. मी अजून गेलेलो नाही, पण आहेत. मुख्य म्हणजे इथे आमचं मराठी मंडळ आहे, आणि गणेशोत्सवाच्या नाटकात यंदा मी सुभेदार! इतकी वर्षं मला भालदारावर बोळवत होते. बस्सीत राहून सुभेदार होता येत नाही.
संकल्प : पहाटे साडेपाचला उठणे. प्राणायाम. सातची बस. बसमध्ये पाठांतर.

२ जुलै, सकाळी ८.४०
आत्ता उठलो. मीनाक्षी म्हणते, हाका मारून घसा बसला. हाकेत जोर हवा.

७ जुलै, सोमवार
बसमध्ये पाठांतर अशक्य. शेजारच्याने कांद्याचं पोतं माझ्या पायावर ठेवलं आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून घोरायला लागला. काय ही माणसं! तरी मी प्रवेशाचं वाक्य म्हणून पाहिलं. ‘दरवाजे उघडा! सुभेदार आले आहेत!’ कंडक्टरने बस थांबवली आणि म्हणाला, भाईसाब, उतरना है तो पहले बोला करो. कलेची कदर शून्य.
ऑफिसात रणजीत शेखावत नावाचा सहकारी आहे. शाखेच्या मागच्याच गल्लीत राहतो. दुपारी घरी जाऊन गरम बाजरीची रोटी आणि कढी खातो, थोडा पडतो, वेळेवर परत येतो. अशा माणसाच्या आयुष्यात ध्येय ते काय असणार? माझ्या डब्यातली भेंडी आज आंबली होती.

१२ जुलै, शनिवार
आदर्श नगरला मंडळाच्या हॉलवर तालीम. दिग्दर्शक आनंदराव, बँकेतून रिटायर झालेले, वेळेच्या बाबतीत अगदी खडूस. सातला म्हणजे सातलाच. मी साडेआठला पोचलो. बस आदर्श नगरच्या जवळूनच जाते हे खरं, पण घामेजल्या अंगाने रंगभूमीवर पाय ठेवणं मला पटत नाही. म्हणून आधी विद्याधर नगरला घरी गेलो, आंघोळ केली, परत आलो. मुलगी, संपदा, म्हणाली, बाबा, मतलब तुम्ही हॉलवरून घरी येऊन परत हॉलवर गेलात? हिंदी शाळेत घातलं की पोरांना बारकावे कळत नाहीत.
मी येईपर्यंत माझे संवाद अभिजित वाचत होता. आयटीतला पोरगा. आवाज फोनच्या रेकॉर्डिंगसारखा.

१९ जुलै, शनिवार
मीनाक्षी मला न विचारता बस्सीला जाऊन घर बघून आली. वरचा मजला, तीन खोल्या, मोठी गच्ची, खाली बाग. शाखेपासून पायी पाच मिनिटं. मालक मराठी, बँकेतून रिटायर. बाईंनी तिला पोहे खिलवले आणि वांगी दिली. ती मालकाचं नाव सांगायला लागली तेव्हा मी सुभेदारासारखा हात वर करून तिला थांबवलं. ती म्हणाली, अहो, ते कोण आहेत ते तरी ऐका. मी म्हणालो, जो मराठी माणूस आपण होऊन बस्सीला राहायला जातो, त्याचं नाव मला ऐकायचंसुद्धा नाही. पटलं तिला. उठून वांगी भाजायला गेली.
वांग्याचं भरीत बरं झालं होतं.

२० जुलै, रविवार
तालमीला फक्त पाऊण तास उशीर. प्रगती आहे. चहाच्या वेळी मी बस्सीच्या मराठी माणसाचा विषय काढला आणि सगळ्यांना हसवायचं ठरवलं. म्हटलं, काय हो ही जात! आयुष्यभर बँकेत नोटा मोजायच्या आणि शेवटी गावात जाऊन वांगी लावायची. नाटक नाही, साहित्य नाही, शेणाच्या वासात मरायचं. अभिजितला ठसका लागला. माझं बोलणं काळजाला भिडतं हे मला माहीत होतं. आनंदरावांनी शांतपणे विचारलं, वांगी वाईट असतात का हो? काय मिश्किल माणूस! असा रसिक मोठ्या शहरातच घडतो. सिव्हिल लाइन्सला बंगला असणार.

२८ जुलै, सोमवार
आज ऑफिसातून वेळेवर निघालो होतो. पण वाटेत कानोत्याला बस थांबली आणि समोर कचोरी तळत होते. उतरलो. बस गेली. हा ड्रायव्हरचा उद्धटपणा. तालमीला पोचलो तेव्हा लोक सतरंज्या गुंडाळत होते. आनंदराव म्हणाले, मुरलीधरपंत, जवळ घर घ्या नाहीतर भूमिका सोडा, पुढच्या तालमीला उशीर झाला तर मी दुसरा सुभेदार बघतो. दुसरा सुभेदार! कुठून आणणार?
पण इथे लिहायला हरकत नाही. मला ही भूमिका फार हवी आहे. लहानपणी शाळेच्या नाटकातसुद्धा मी झाड होतो.
मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप म्यूट केला. दिवसभर गुलाबाची फुलं आणि सुविचार. एकाग्रता ढळते.

५ ऑगस्ट, मंगळवार, संध्याकाळी ५.१५
इतिहास घडला! हाफ डे टाकला. रणजीतने विचारलं, सरजी, आज इतक्या लवकर? म्हटलं, कलेसाठी. मी निघताना तो काहीतरी सांगत होता, मागच्या गल्लीत आज आपल्या मराठी लोकांच्या गाड्याच गाड्या लागणार आहेत म्हणे. कोणाचं तरी बारसं असेल. आंघोळसुद्धा न करता थेट हॉलवर आलोय. हॉलला कुलूप. मी पहिला!

संध्याकाळी ७.१०
कोणी नाही. वेळेच्या गप्पा मारणारे कुठे गेले? आनंदराव आले की तोंडावर सुनावणार.

७.५०
कुलपासमोर प्रवेशाचा सराव केला. ‘दरवाजे उघडा! सुभेदार आले आहेत!’ चौकीदार म्हणाला, चाबी मंत्रीजी के पास है. म्हणजे मंडळाच्या सेक्रेटरींकडे.

८.२०
ग्रुप उघडला. रविवारचा मेसेज आहे. हॉलची रंगरंगोटी सुरू असल्यामुळे यापुढे तालमी आनंदरावांच्या घरी, बस्सी. सोबत नकाशा. माझ्या शाखेची मागची गल्ली. बाग. वांगी.
खाली फोटो आहे. घर दुसऱ्यांदा बघायला गेलेली मीनाक्षी मधोमध उभी, हात वर केलेला. निरोप : मुरलीधर न आल्यामुळे मीनाक्षीताईंनी सुभेदार वाचला. संपूर्ण पाठ! वा! त्याखाली टाळ्यांची रांग.
पाठ असणारच. रोज घरी माझ्याकडून म्हणून कोण घेत होतं?

६ ऑगस्ट, बुधवार
आनंदरावांचा फोन. सुभेदार मीनाक्षीच करणार. माझ्याकडे पडदा. पडदा ही तांत्रिक जबाबदारी आहे, ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही. मीनाक्षीला म्हणालो, मला आधी सांगता आलं नाही? ती म्हणाली, तुम्ही हात वर केला होतात.

१७ ऑगस्ट, रविवार
बस्सीला राहायला आलो. वरचा मजला. निर्णय सर्वस्वी माझा. शहरात हल्ली राम राहिला नाही. नुसता धूर आणि उथळ माणसं. पडदा ओढणाऱ्याने तालमीच्या जवळ राहिलं पाहिजे. खालून मीनाक्षीचा आवाज येतो. उच्चार कच्चे आहेत. आनंदरावांनी टोपलीभर वांगी वर पाठवली.
संकल्प : आता उशीर नाही.

२९ ऑगस्ट, शुक्रवार, रात्री
आज प्रयोग. दुपारी चारला आमच्याच फाटकातून सगळ्यांची मिनीबस निघायची होती. मी वर आरशासमोर होतो. पडदा ओढणाऱ्यालाही फेटा शोभतो का, हे बघत होतो. खालून हाका येत होत्या, पण जोर नव्हता. खाली उतरलो तर फाटक उघडं आणि बस गेलेली.
रोडवेजच्या बसने आदर्श नगरला पोचलो. प्रयोग सुरू झाला होता, दारं आतून लावलेली. पडदा संपदाने ओढला असं नंतर कळलं. एका झटक्यात, न अडकता. दार वाजवलं. चौकीदार म्हणाला, खेल के बीच में नहीं खुलेगा, साब. मी त्याला सांगितलं, मी मंडळाचा जुना कलाकार आहे. तो म्हणाला, कलाकार तो सब अंदर हैं.
तेवढ्यात आतून मीनाक्षीचा आवाज आला. ‘दरवाजे उघडा! सुभेदार आले आहेत!’
अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, आता तरी कोणी उघडेल.