शेवटचं कडवं

वडूज, मंगळवार, दिवेलागणीला

आमच्या हिची शाळा चौथीत, वर्षाच्या मध्येच सुटली. मराठीच्या पुस्तकातल्या एका कवितेचं शेवटचं कडवं शिकायचं राहिलं, हे मी लग्नापासून ऐकतोय. आज त्या जुन्या पुस्तकाचं पान संगणकावर सापडलं. हिला हाक मारली, आणि टॅब बदलताना चुकून कंट्रोलबरोबर डब्ल्यू दाबला. पान गेलं. या बोटांना काय म्हणावं?

सूनबाई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "आवं मामा, कंट्रोल, शिफ्ट आन् टी एकदम दाबा. बंद झाल्यालं परत येतंय."

आलं. हिनं पडद्यावर बोट ठेवून ते कडवं शाळेच्या चालीत वाचलं. मग म्हणाली, "एवढंच व्हय? मला वाटलं, लय मोठं आसंल."

पण बोट काही उचललं नाही.