आंटींचं पातेलं

खडकी, पुणे
२७ एप्रिल २००३

ती. बाबा,
सविनय जयभीम. मी मजेत आहे, वजनही वाढलंय, आईला सांगा. तिचा गुडघा कसा आहे?

गुड फ्रायडेला कंपनीला सुट्टी होती आणि सुट्टी म्हणजे मटण, एवढंच आपल्याला ठाऊक. घरमालकीण फिलोमिना आंटींच्याच पातेल्यात मी ते शिजवलं. त्यांचा तो दुःखाचा, उपासाचा दिवस. मी माफी मागितली. "केलं माफ," म्हणाल्या आणि चर्चला निघून गेल्या.

मला पटेचना. इतक्यात संपलं? तुम्ही म्हणता, माफ करणारा वर कोणी बसलेला नाही. चूक आपली, निस्तरायचीही आपणच. म्हणून आठवडाभर मी त्यांचं पातेलं रोज घासलं. शेवटी आंटी वैतागल्या. "देवाने माफ केलं, मी केलं. आता काय भोक पाडतेस त्याला?"

खूप हसलो आम्ही. मग वाटलं, तुमच्यासाठीही मी दीड वर्ष पातेलंच घासतेय. दर रविवारी फोन, तुम्हाला स्वेटर, विहाराला पुस्तकं. तोंडाने मात्र कधी बोलले नाही.

नोकरीच्या पहिल्या दिवशी तुम्ही मला गेटपर्यंत सोडायला आलात, तेव्हा मी मैत्रिणीला सांगितलं, "हे आमच्या गावचे काका." तुम्ही ऐकलंत, आणि काकांसारखाच तिला नमस्कार केलात.

बाबा, माझं चुकलं. मला माफ करा.

"पुन्हा करू नकोस" एवढंच लिहिलंत तरी चालेल. पण लिहा.

तुमची मुलगी,
विशाखा